उन्हाळ्यात डोंगरातल्या तळ्याकाठी मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा आटोपल्या की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "कुठेतरी तळ्याकाठी एक रात्र काढायची आहे, काय काय लागतं?" लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठी रांगेत लावलेले तंबू, बार्बेक्यू आणि स्पीकर मिळतात, तो प्रकार वेगळा. त्याला फक्त बुकिंग लागतं. इथली उत्तरं आहेत ती साध्या मुक्कामाबद्दल. नळ नाही, संडास नाही, वीज नाही, पाठीवर न्याल तेवढंच सामान, आणि जवळपास रानातलं एक तळं.

उन्हाळ्यातच का? थंडीत जाणं सोपं नाही का?

सोपं आहेच. पहिल्यांदाच जाणार असाल तर डिसेंबरात जा, उगाच हट्ट करू नका. पण उन्हाळ्याची काही सुखं थंडीत मिळत नाहीत. करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या असतात, बहावा फुललेला असतो, अंधार पडला की रातवा पक्षी ठोके दिल्यासारखा ओरडत राहतो. पानं गळलेली असल्याने रान आरपार दिसतं. डोंगरावर रात्री अंगावर चादर ओढाविशी वाटते, तीही मुंबईत पंख्याखाली घाम पुसायच्या दिवसांत.

मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ बरा. त्यानंतर वळवाचा भरवसा नसतो. मुंबईत मॉन्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून धरतात, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला होता.

कुठल्याही तळ्यावर गेलं तर चालतं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. प्रत्येक पाण्याला कोणीतरी धनी असतो.

मुंबईला पाणी पाजणारे सात जलाशय म्हणजे तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी. मुक्कामाच्या यादीतून ते आधीच काढून टाका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. विहार-तुळशीत वर मगरीही आहेत. माथेरानचं शार्लोट तळं म्हणाल तर तेही गावाच्या पिण्याचं.

तानसा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत शिरणंच गुन्हा आहे, मुक्काम तर दूरच. परवानगी मिळते तिथे ठरवून दिलेल्या जागीच राहायचं.

उरतात पाझर तलाव, गावतळी आणि वाडीच्या वरच्या अंगाला असलेली छोटी डोंगरतळी. मुक्कामाला हीच योग्य, पण गावाला विचारून. देवराईतलं तळं असेल तर पाया पडून पुढे निघा. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा गावकरी उचलत नाहीत, तिथे आपण तंबू ठोकायचा प्रश्नच येत नाही.

शेततळ्याचं वेगळं सांगतो. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि जिकडेतिकडे काळ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेली तळी झाली. लांबून छान दिसतात. पण उतारावरचं ते प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. मुलं बरोबर असतील तर शेततळ्याच्या आसपास मुक्काम नकोच.

परवानगी मागायची कोणाकडे?

जागा वनखात्याची असेल तर त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात. गावची असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटील. पोलीस पाटलांकडे सगळ्यांची नावं, फोन नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या. रात्री काही झालं तर पहिली बॅटरी घेऊन तेच येणार आहेत.

विचारताना घाई करू नका. आधी ओसरीवर टेका, पाणी प्या. "मामा, रात्री तळ्यावर काय काय उतरतं?" हा प्रश्न परवानगीइतकाच महत्त्वाचा. कुठल्या बाजूने डुकरं येतात, कुठल्या झाडावर मोहोळ बसलंय, कुठल्या काठाला गाळ छातीभर आहे, ही माहिती कुठल्याही नकाशात मिळायची नाही. मामांनी "तिकडं नका राहू" म्हटलं तर तिकडे राहू नका. कारण विचारत बसायची गरज नाही.

तंबू पाण्यापासून किती लांब लावायचा?

फोटोत तंबू पाण्याला चिकटून असतो, म्हणून सगळ्यांना तसाच हवा असतो. उन्हाळ्यात तर तो तिथे नकोच. पाण्यापासून निदान सत्तर पावलं मागे, थोडं उंचावर, आणि जनावरांची वाट सोडून बाजूला.

कारण सरळ आहे. एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात, झरे बसतात, आणि डोंगराच्या त्या कुशीतलं सगळं रान त्या एका पाणवठ्यावर येऊन ठेपतं. म्हणूनच वनखातं वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतं, कारण त्या दिवसांत प्राण्यांना दुसरीकडे जायला जागाच नसते. तुम्ही काठावर दिवा लावून गप्पा मारत बसलात, तर भेकर येतं, झाडीत उभं राहतं आणि तहानलेलंच परत फिरतं. तुम्हाला ते कळतही नाही. तुमच्या पिशवीत बाटली असते, त्याच्याकडे नसते.

जागा ठरवण्याआधी तळ्याला एक फेरी मारा आणि आटलेल्या काठावरचा ओला चिखल बघा. टोकदार, जोडीने उठलेले छोटे खूर भेकराचे. मोठ्या खुरांमागे दोन टिंबं आणि बाजूला नांगरल्यासारखी उकरलेली माती असेल तर डुकरं. गोल पंजा, चार बोटं, पण नखांची खूण कुठेच नाही, तर मांजराच्या कुळातलं कोणीतरी. पंजा मोठा असला तर बिबट्या. नखं उमटली असतील तर कुत्रं किंवा कोल्हा. जिथे हे ठसे एकावर एक दाटलेले दिसतील आणि झाडीतून पायवाट उतरत असेल, ती त्यांची उतरण. तिच्या आसपास बस्तान नको. दुपारी गावची गुरंही पाण्यावर येतात, त्यांचीही वाट मोकळी ठेवा.

प्राणी बघायची हौस असेल तर संध्याकाळी लांब झाडाच्या बुंध्याला टेकून, फोन बंद करून बसा. न बोलता तासभर बसलात तर बरंच काही दिसेल.

शेकोटी पेटवायची नाही, तर मग कॅम्पिंगला अर्थ काय?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि उत्तर दर वर्षी तेच: उन्हाळ्यात शेकोटी नाही.

साग आणि ऐनाच्या पानांचा घोटाभर थर खाली पडलेला असतो, हातात चुरला तर पीठ होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं. वारा दरीतून वर येतो आणि आग चढावर झपाट्याने धावते. आपण विझवली म्हणून झोपतो, पण वाळक्या बुंध्यात धुमसत राहिलेला निखारा दुपारच्या वाऱ्यावर उठतो, तेव्हा आपण लोकलमध्ये असतो. वणवा लागल्यावर हिरव्या फांद्या घेऊन धावतात ते वाडीतले लोक आणि वनरक्षक. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. सिगारेटचंही तेच.

उजेड हवा तर हेडलँपवर लाल कागद लावा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर तोही लागत नाही.

मग छोटा गॅस नेऊ का?

लोकलने जाणार असाल तर नाही. स्टोव्ह, गॅसची डबी, रॉकेल, फटाके, कुठलाही ज्वलनशील माल डब्यात चढवायला रेल्वेची बंदी आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "पिशवीत खाली ठेवतो, कोणाला कळतंय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. शनिवार सकाळच्या कसारा लोकलची गर्दी डोळ्यांसमोर आणा.

स्वतःची गाडी असेल तरी गॅस मोकळ्या रानात पेटवायचा नाही. वाडीतल्या अंगणात किंवा उघड्या कातळावर, चारी बाजूंचा पालापाचोळा झाडून, शेजारी पाण्याची कळशी ठेवून, आणि मालकाने हो म्हटल्यावरच.

आग नाही, गॅस नाही. खायचं काय?

आपल्याकडचा अर्धा स्वयंपाक प्रवासासाठीच तर बनलाय. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ. दूध घालून मळलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की न्याहारी झाली. दडपे पोहे तिथेच करा: पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, मिरची, वरून दडपण. खोबरं मात्र उन्हाळ्यात पटकन खवट होतं, तेव्हा अख्खा नारळ न्या आणि तिथे फोडा. दहीभात, अंडी, मांस नकोच.

सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे संध्याकाळची तांदळाची भाकरी आणि पिठलं वाडीतल्या मावशींना आधी सांगून ठेवणं. पैसे त्यांनी सांगितले तेवढे, घासाघीस न करता. बरोबर कैरी मिळाली तर आणखी काय हवं!

तळ्याचं पाणी पिता येतं का?

सरळ उचलून नाही. उन्हाळ्यात तळं आटतं, तेव्हा गाळ आणि गुरांची घाण उरलेल्या थोड्या पाण्यात दाटते. गावात विहीर असेल तर सगळं पिण्याचं पाणी तिथूनच भरून वर न्या. माणशी चार-पाच लिटर धरा, चढाचं ऊन असेल तर जास्त.

तळ्यावरच भागवायची वेळ आली तर पाणी काठावरून न घेता थोडं आतून घ्या. सुती पंचाच्या चार पदरांतून गाळा. खाली किती गाळ बसतो बघा, मन आपोआप शहाणं होतं. मग वाडीतल्या चुलीवर खळखळून उकळवा, उकळी फुटल्यावर एक मिनिटभर तशीच राहू द्या. उकळायची सोय नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळणं आलंच.

एक अपवाद. पाण्यावर निळसर-हिरवा, रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर ते पाणी कुठल्याच उपायाने पिऊ नका. त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. कुत्र्यालाही पिऊ देऊ नका.

पोहायला चालेल का?

माझं मत विचाराल तर नाही. कडेला गुडघाभर पाणी, दोन पावलं पुढे मांडीभर गाळ, असं पुष्कळ तळ्यांत असतं. पाय रुतला की माणूस घाबरतो आणि अजून खाली जातो. पाय धुवा, तोंडावर पाणी मारा, बस.

साप, विंचू यांचं काय?

भीती बरोबर आहे, पण ती योग्य गोष्टीची असू द्या. जिवावर बेतणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा जेमतेम जाणवतो, सूजही नसते. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि बरोबरचे "झोप झाली नाही वाटतं" म्हणून सोडून देतात. रानात कोणी असं करायला लागलं तर आधी संशय मण्यारीचा.

म्हणून उघड्या जमिनीवर झोपायचं नाही. तंबूची चेन कायम लावलेली, किंवा मच्छरदाणी सतरंजीखाली चारही बाजूंनी खोचलेली. बूट आत घ्या आणि सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. दगड उचलायचाच असेल तर आपल्याकडची कड खाली ठेवून पलीकडची बाजू उचला, म्हणजे खाली जे असेल ते तुमच्यापासून लांब पळेल. अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊलही नको.

चावलाच तर माणसाला आडवं ठेवा, धीर द्या, चावलेला अवयव फळी बांधून स्थिर करा. अंगठ्या, कडं, घड्याळ काढा. दोरीने आवळायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, साप मारत बसायचं नाही. १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. निघण्याआधीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून ते शिल्लक आहे का विचारून ठेवा. हे एक काम कोणी करत नाही.

लाल विंचवाला मात्र हसण्यावारी नेऊ नका. कोकणात त्याच्या दंशाने माणसं दगावत, कारण विष हृदयावर जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने त्यावर उपचार करून दाखवले, आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर वेळ घालवू नका. लहान मुलांना जास्त धोका.

बिबट्या आला तर?

येईलही, बहुधा तुम्हाला न कळता. राष्ट्रीय उद्यानाला लागून बोरिवलीत राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तंबूत झोपलेल्या मोठ्या माणसांच्या घोळक्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. संध्याकाळनंतर कोणी एकट्याने झाडीत बसायला जाऊ नये, मुलं मधे झोपवावीत, आणि कुत्रा आणू नये. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. उभे राहा, हात वर करा, मोठ्याने बोला, त्याला निघायला वाट द्या. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

खरं तर बिबट्यापेक्षा मी आग्या मोहोळाला जास्त घाबरतो. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर लोंबणारी काळपट पोळी दिसली तर त्या बाजूला मुक्काम नाही. धूर, अत्तर, दगड, आरडाओरडा यांपैकी कशानेही ते उठतं. उठलंच तर तोंड-डोकं झाकून दाट झाडीतून जमेल तितकं लांब पळा. खाली बसून हात मारत राहणाऱ्याला सगळ्यात जास्त डंख बसतात.

तंबू लागतोच का?

मेमध्ये सकाळी आठनंतर तंबू म्हणजे इडलीचं भांडं. वरचं आवरण काढून नुसती जाळी ठेवता येईल असा घ्या. नसेल तर दोन झाडांत दोरी, तिच्यावर मच्छरदाणी, खाली ताडपत्री आणि सतरंजी. हे स्वस्तही पडतं आणि वाराही खेळतो. ताडपत्री एक जास्त न्या, वळीव आला तर उपयोगी पडते.

मध्येच वळीव आला तर?

दुपारनंतर ढग उभे चढायला लागले, वारा एकदम पडला, की सामान आवरायला घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, पण रेंज नसेल तर कान पुरेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर उघड्यावर थांबायचं नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही. एकटं झाड, माथा, पाण्याचा काठ, तिन्ही सोडा. पक्क्या घरात किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. म्हणूनच वाडीपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आतली जागा धरावी. कोरड्या ओढ्याच्या पात्रात सपाट वाळू कितीही मोहक दिसली तरी तिथे झोपू नये. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो.

संडास-आंघोळीचं कसं?

पाण्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड पिशवीत घालून मुंबईला परत. तळ्यात साबण नको, 'हर्बल' लिहिलेलाही नको. भांडी राखेने किंवा मातीने घासा आणि खरकटं पाणी लांब नेऊन ओता.

काजवे बघायचे आहेत, तेव्हाच मुक्काम केला तर?

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात. भंडारदऱ्याकडे त्या दिवसांत एवढ्या गाड्या येतात की काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त. त्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीची बोलणी असतात, बॅटरी मारली की ती तुटतात. शनिवार सोडून जा, बॅटरी बंद ठेवा, झाडाखाली गवत तुडवू नका, कारण माद्या बऱ्याचदा खालीच बसलेल्या असतात.

आई सोडत नाही. काय सांगू?

पोलीस पाटलांचा नंबर द्या. रेंज कुठे मिळते आणि किती वाजता फोन कराल ते सांगा, आणि ती वेळ पाळा. मुलींचा गट असेल तर वाडीतल्या एखाद्या घराच्या अंगणात पथारी टाकणं मला जास्त बरं वाटतं. तळं पहाटे चालत गाठता येतं.

मुंबईहून कसं जायचं?

शहापूर-माहुलीच्या बाजूला आसनगाव, इगतपुरी-भंडारदऱ्याकडे कसारा, भीमाशंकरच्या पायथ्याला कर्जत. तिथून एसटी किंवा वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप. पहाटेची गाडी पकडा, म्हणजे चढ दहाच्या आत संपतो. अकरा ते चार सावलीत पडून राहायचं, उन्हात चालायचं नाही. गरगरलं, घाम थांबला, बोलणं अडखळलं तर तो उष्माघात. सावली, ओलं कापड, वारा आणि तातडीने डॉक्टर. एरवीच्या थकव्याला लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं.

परतीच्या एसटीची वेळ स्टँडवर विचारा, फोनवर बघून निघू नका. उन्हाळ्यात लग्नसराईमुळे गाड्या वऱ्हाडाला जातात आणि फेरी रद्द होते. अशा वेळी वडापवाल्या दादांचा नंबर शनिवारीच घेऊन ठेवलेला बरा.